काळी पडणारी शिशी

आपल्याकडे पाणी पारखण्याच्या जुन्या रीती आहेत. डाळ लवकर शिजली तर पाणी चांगले. साबणाला फेस आला, हंड्याच्या तळाशी पांढरा थर धरला नाही, चहाची चव बिघडली नाही, तर पाणी चांगले. लग्न होऊन नव्या गावी आलेल्या मुलीला थोड्याच दिवसांत कळते की कोणत्या विहिरीचे पाणी प्यायचे आणि कोणते धुण्याभांड्यांना वापरायचे. या पारखीत तथ्य आहे. डाळ शिजत नाही, कारण पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात. पाणी मचूळ लागते तेही क्षारांमुळेच. पण या सगळ्या रीती पाण्यात विरघळलेल्या क्षारांबद्दल सांगतात. जंतूंबद्दल त्यांतली एकही काही सांगत नाही.

जिवाणूंमुळे पाणी डोळ्यांना धुरकट दिसायचे असेल, तर एका मिलिलिटरमध्ये ते साधारण कोटीच्या घरात असावे लागतात. त्याच्या कितीतरी कमी संख्येने ते माणसाला अंथरुणाला खिळवू शकतात. १८५४ साली लंडनमध्ये पटकीची मोठी साथ आली, तेव्हा ब्रॉड स्ट्रीटवरच्या हातपंपाचे पाणी आसपासच्या लोकांना चवीला इतके आवडत असे, की तिथून दूर हॅम्पस्टेडला राहायला गेलेली एक विधवा ते रोज गाडीवरून मागवून घेई. त्या साथीत ती दगावली. ती राहत होती त्या भागात पटकीचा दुसरा रुग्ण नव्हता. तिच्याकडे येऊन तेच पाणी प्यायलेली तिची भाचीही दगावली. डॉ. जॉन स्नो यांनी हा माग काढला आणि साथ पाण्यातून पसरते या त्यांच्या म्हणण्याला त्यातून मोठे बळ मिळाले. चव, वास आणि निर्मळपणा यांवर विसंबून पाणी प्यायचे नसते, हे तेव्हापासून जगाला ठाऊक आहे. मग विसंबायचे कशावर? प्रयोगशाळा तालुक्याला किंवा जिल्ह्याला असते, आणि पाणी तर दारात रोज येते.

विष्ठेचा माग

पाण्यातून पसरणारे रोग अनेक आहेत: पटकी, विषमज्वर, हगवण, कावीळ. प्रत्येकाचा जंतू वेगळा, आणि तो शोधण्याची रीतही वेगळी. रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कलकत्त्याच्या एका तलावाच्या पाण्यात पटकीचा जंतू शोधून काढला, पण त्यासाठी त्यांच्यासारखा तज्ज्ञ हाती सूक्ष्मदर्शक घेऊन साथीच्या ऐन भरात तिथे हजर असावा लागला. शिवाय रोगजंतू पाण्यात सतत नसतात. गावात कोणी आजारी असेल तरच ते पाण्यात येतात, आणि ते सापडेपर्यंत माणसे ते पाणी पिऊन मोकळी झालेली असतात.

म्हणून पाणी तपासणाऱ्यांनी प्रश्नच बदलला. या पाण्यात पटकीचा जंतू आहे का, असे विचारण्याऐवजी ते विचारू लागले, की या पाण्यात विष्ठा मिसळली आहे का. वर सांगितलेले जवळजवळ सगळे रोग विष्ठेतून पाण्यात आणि पाण्यातून तोंडात असा प्रवास करतात. विष्ठा मिसळायला वाट आहे असे एकदा कळले, की आज रोगजंतू नसला तरी उद्या तो त्याच वाटेने येणार हे ठरलेले.

विष्ठा ओळखण्याची खूण जर्मन बालरोगतज्ज्ञ थिओडोर एशेरिश यांनी १८८५ मध्ये वर्णिली. तान्ह्या बाळांच्या शौचात त्यांना एक काडीसारखा जिवाणू सापडला. आज आपण त्याला त्यांच्याच नावाने एशेरिशिया कोलाय, म्हणजे ई. कोलाय म्हणतो. माणसांच्या आणि उष्ण रक्ताच्या जनावरांच्या आतड्यांत तो राहतो. एक ग्रॅम विष्ठेत तो कोटींच्या संख्येने असू शकतो. त्याचे बहुतेक प्रकार निरुपद्रवी आहेत, पण पाण्यात तो सापडला की त्या पाण्याला विष्ठेचा स्पर्श झाला आहे असे समजावे. म्हणूनच आयएस १०५०० हे पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक सांगते, की १०० मिलिलिटर नमुन्यात ई. कोलाय अजिबात आढळता कामा नये.

एका जिवाणूचे कोटी

पाण्यातला एकुलता एक जिवाणू डोळ्यांना दिसणार कसा? पुढे येणाऱ्या जवळजवळ सगळ्या स्वस्त परीक्षांच्या मुळाशी एकच युक्ती आहे. जिवाणूला खायला द्यायचे, उबेत ठेवायचे आणि वाढू द्यायचे. सगळे काही मनासारखे मिळाले तर ई. कोलाय दर वीस मिनिटांनी दुप्पट होतो. या वेगाने दहा तासांत तीस वेळा दुप्पट झाली, तर एकाचे शंभर कोटींहून अधिक होतात. प्रत्यक्षात पाण्यातून आलेला, थकलेला जिवाणू सावकाश वाढतो, म्हणून एक ते दोन दिवस थांबावे लागते. पण तत्त्व तेच. महागडे यंत्र जे काम करते, ते इथे खुद्द जिवाणूच फुकट करतो. आपण एवढीच सोय करायची, की तो वाढला हे रंगावरून कळावे.

ग्वाल्हेरची शिशी

ही सोय सर्वांत स्वस्तात केली ती ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन आणि विकास आस्थापनेतल्या के. एस. मांजा, एम. एस. मौर्य आणि के. एम. राव या तीन शास्त्रज्ञांनी. त्यांचा लेख १९८२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पाणी जिथे आहे तिथेच, वीज आणि प्रयोगशाळा नसताना तपासता यावे, हा त्यांचा हेतू होता.

त्यांनी एक गोष्ट हेरली. विष्ठेबरोबर येणारे अनेक जिवाणू, उदाहरणार्थ साल्मोनेला, सिट्रोबॅक्टर, प्रोटिअस, क्लॉस्ट्रिडियम, वाढताना हायड्रोजन सल्फाइड हा सडक्या अंड्याच्या वासाचा वायू सोडतात. हा वायू लोहाशी संयोग पावला की काळाकुट्ट फेरस सल्फाइड तयार होतो. मग त्यांनी एक द्रावण बनवले. त्यात जिवाणूंना खाण्यासाठी पेप्टोन, गंधक पुरवणारे सोडियम थायोसल्फेट, लोह पुरवणारे फेरिक अमोनियम सायट्रेट, आम्लता सांभाळणारा फॉस्फेटचा क्षार आणि थोडे टीपॉल हे धुण्याचे द्रव घातले. हे द्रावण कागदाच्या घडीत मुरवून वाळवले. निर्जंतुक शिशीत तो कागद घातला की परीक्षा तयार. शिशीत २० मिलिलिटर पाणी भरायचे, झाकण घट्ट लावायचे आणि ३० ते ३७ अंश सेल्सिअसला ठेवायचे. पाणी काळे पडले तर ते दूषित.

थायोसल्फेटचा इथे दुहेरी उपयोग आहे. ते गंधक पुरवते, शिवाय नळाच्या पाण्यातला क्लोरीन निष्प्रभ करते. तसे झाले नाही तर शिशीतही क्लोरीनचे काम चालू राहील आणि नळातून पाणी घेताना ते कसे होते हे कळणार नाही.

आज ही परीक्षा ‘एच-टू-एस शिशी’ या नावाने भारतभर वापरली जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासण्याचे प्रशिक्षण देण्याची योजना आहे. त्यांच्या हाती रासायनिक तपासणीच्या संचाबरोबर याच शिश्या असतात.

ही शिशी नीट वापरायची तर तिच्या मर्यादा आधी समजून घ्याव्यात. ई. कोलाय स्वतः सहसा हायड्रोजन सल्फाइड सोडत नाही. तेव्हा शिशी काळी पडते ती त्याच्या सोबतीने आलेल्या जिवाणूंमुळे. खोल बोअरच्या पाण्यात विष्ठेशी संबंध नसलेले, सल्फेटवर जगणारे जिवाणूही असू शकतात, आणि त्यांच्यामुळे शिशी उगाच काळी पडू शकते. पाणी ओतल्यावर काही मिनिटांतच ते काळे झाले, तर पाण्यात आधीपासूनच सल्फाइड आहे असे समजावे, कारण जिवाणूंना वाढायला तास लागतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये या परीक्षेचा स्वतंत्र आढावा घेतला, त्यातही अशा चुकीच्या निकालांची दखल घेतली आहे. म्हणून काळी शिशी हा इशारा समजावा. तो मिळाला की लगेच खबरदारी घ्यावी आणि पक्की तपासणी करून घ्यावी.

उबेचाही प्रश्न येतो. मराठवाड्यात चैत्र-वैशाखात शिशी घरातल्या फडताळात ठेवली तरी चालते. पौषात ती गारठते, आणि गारठलेली शिशी वाढ मंदावल्यामुळे स्वच्छ दिसत राहते. अशा वेळी कोमट पाण्याच्या बाटलीसोबत ती थर्मोकोलच्या डब्यात ठेवावी आणि ४८ तास वाट पाहावी. सोबत आणखी दोन शिश्या ठेवल्या तर निकालावरचा विश्वास वाढतो. एकीत उकळून गार केलेले पाणी, दुसरीत मुद्दाम ओढ्याचे किंवा गटाराजवळचे पाणी. पहिली स्वच्छ राहिली आणि दुसरी काळी पडली, तर शिश्या आणि ऊब दोन्ही ठीक आहेत. घाण पाण्याचीच शिशी काळी पडली नाही, तर त्या दिवसाचे सगळे निकाल बाद धरावेत.

निळा रंग, निळा प्रकाश

ई. कोलायच शोधायचा असेल तर थोडा अधिक खर्च करावा लागतो. १९८० च्या दशकाच्या अखेरीस येल विद्यापीठातल्या स्टीफन एडबर्ग यांनी जिवाणूंच्या पचनक्रियेवर आधारलेली रीत पुढे आणली. ई. कोलायकडे बीटा-ग्लुकुरोनिडेझ नावाचे विकर असते, त्याच्या गटातल्या, कोलिफॉर्म म्हणवल्या जाणाऱ्या इतर बहुतेक जिवाणूंकडे ते नसते. जिवाणूला असे खाद्य द्यायचे, की अशा विकराने ते तोडले की त्यातून रंग किंवा चमक मोकळी व्हावी. कोलिलर्ट या परीक्षेत पाणी पिवळे झाले तर कोलिफॉर्म गटातले जिवाणू आहेत, आणि त्यावर ३६५ नॅनोमीटरचा अतिनील दिवा धरल्यावर ते निळसर चमकले तर ई. कोलाय आहे. पेट्रीफिल्म नावाच्या पातळ पत्रकावर १ मिलिलिटर पाणी पसरले, की ई. कोलायच्या वसाहती निळ्या ठिपक्यांच्या रूपात दिसतात आणि भोवती वायूचे बुडबुडे धरतात. हे ठिपके शाळेतला मुलगाही मोजू शकतो.

कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोच्या विद्यापीठातले सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रॉबर्ट मेटकाफ यांनी १० मिलिलिटरची कोलिलर्ट नळी आणि पेट्रीफिल्म एकत्र करून हातात मावेल असा संच केला. उबेसाठी त्यांनी माणसाच्या अंगाचीच उष्णता वापरली. नळी आणि पत्रके अंगालगत ठेवून रात्र काढायची आणि सकाळी निकाल वाचायचा. दिवसचे दिवस वीज नसलेल्या आफ्रिकेतल्या गावांतही हा संच चालला.

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात तयार झालेल्या ‘कंपार्टमेंट बॅग टेस्ट’मध्ये १०० मिलिलिटर पाणी एका पारदर्शक पिशवीत ओततात. पिशवीला ५६, ३०, १०, ३ आणि १ मिलिलिटरचे पाच कप्पे असतात. एक-दोन दिवसांनी कोणते कप्पे निळे-हिरवे झाले ते तक्त्याशी ताडून पाहिले की ई. कोलायची अंदाजे संख्या कळते.

शून्याचा अर्थ

संख्या का हवी? दूषित पाणीही कमी-अधिक धोक्याचे असते म्हणून. १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय १० पर्यंत असतील तर धोका कमी, १०० पर्यंत मध्यम आणि त्यापुढे मोठा, अशी ढोबळ विभागणी जगभर वापरतात. गावात पाच विहिरी दूषित निघाल्या आणि पैसा एकीच्याच दुरुस्तीपुरता असला, तर कोणती आधी घ्यायची हे संख्येवरून ठरवता येते.

पण संख्या वाचताना किती पाणी तपासले हे विसरून चालत नाही. समजा, १०० मिलिलिटर पाण्यात १० जिवाणू आहेत. त्यातले १ मिलिलिटर पत्रकावर घेतले, तर दहापैकी नऊ वेळा एकही जिवाणू हाती लागणार नाही आणि पत्रक कोरे राहील. तेच पाणी २० मिलिलिटर घेतले, तर त्यात सरासरी दोन जिवाणू येतील. तरीही सुमारे सातातून एकदा एकही येणार नाही. म्हणजे १ मिलिलिटरमध्ये शून्य याचा अर्थ पाणी अतिशय घाण नाही, एवढाच. पाणी पिण्यायोग्य आहे असे त्यावरून म्हणता येत नाही.

यावर एक स्वस्त तोड आहे. एकाच पाण्याच्या २० मिलिलिटरच्या पाच शिश्या लावाव्यात, म्हणजे एकूण १०० मिलिलिटर पाणी तपासले जाते. किती शिश्या बदलल्या त्यावरून संभाव्य संख्येचा अंदाज येतो: एक असेल तर १०० मिलिलिटरमध्ये सुमारे १, दोन असतील तर २.६, तीन असतील तर ४.६, चार असतील तर ८. पाचही बदलल्या तर त्याहून जास्त. एच-टू-एस शिश्यांमध्ये ही संख्या ई. कोलायची नसते, हायड्रोजन सल्फाइड सोडणाऱ्या जिवाणूंची असते. तरी दोन विहिरींची तुलना करायला ती पुरते.

दहा सेकंदांची परीक्षा

वरच्या परीक्षांना दिवस लागतो. नळाच्या पाण्यासाठी मात्र एक परीक्षा काही सेकंदांची आहे आणि ती जंतू मोजतच नाही. पाण्यात टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकल्यावर जंतू मारून काही क्लोरीन उरतो. तो नळाच्या शेवटच्या टोकापर्यंत टिकला, तर वाटेत मिसळणाऱ्या जंतूंशी लढायला पाण्यात बळ आहे असे म्हणता येते. भारतीय मानकानुसार असा उरलेला क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवा.

ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक आणि आरोग्यसेवक हीच तपासणी ‘ओटी टेस्ट’ म्हणून करतात. नळीत पाणी घेऊन ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकले की पिवळा रंग येतो, तो रंगपट्टीशी जुळवायचा. खरा मुक्त क्लोरीन पहिल्या दहा सेकंदांत दिसतो. त्यानंतर रंग गडद होत जातो तो अमोनियाशी जोडल्या गेलेल्या, दुबळ्या क्लोरीनमुळे. उशिरा वाचणारा माणूस म्हणूनच स्वतःची फसवणूक करून घेतो. ऑर्थोटोलिडिन आरोग्याला घातक समजले जात असल्याने आता गुलाबी रंग देणाऱ्या डीपीडी गोळ्यांची शिफारस होते.

टीसीएल किती टाकली यापेक्षा अर्ध्या तासाने किती क्लोरीन उरला हे महत्त्वाचे. ओलसर खोलीत पोत्याचे तोंड उघडे राहिले तर पावडरीचा जोर उतरतो. मग वजन बरोबर असूनही पाणी असुरक्षित राहते. पाणी गढूळ असेल तरी क्लोरीन मातीवरच खर्च होतो. जिथे काल क्लोरीन होता आणि आज नाही, तिथे टीसीएल तरी पडलेली नाही किंवा नळात बाहेरची घाण तरी शिरली आहे. दोन्ही शक्यता त्याच दिवशी तपासण्याजोग्या आहेत.

डोळसपणे पाहणे

सर्वांत स्वस्त परीक्षेला रसायनही लागत नाही. तिचे नाव पाहणी. विहिरीला कठडा आहे का? भोवतीचा सिमेंटचा ओटा फुटला आहे का? सांडपाणी वाहून जायला चारी आहे का, की ते तिथेच मुरते? दहा मीटरच्या आत शौचालयाचा शोषखड्डा किंवा उकिरडा आहे का? जो तो आपापला दोर-पोहरा घेऊन येतो का? टाकीचे झाकण जागेवर आहे का? व्हॉल्व्हच्या खड्ड्यात पाणी साचले आहे का? गटारातून गेलेला नळजोड गळतो आहे का?

महाराष्ट्रात आरोग्य विभाग पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर अशी पाहणी करतो आणि ग्रामपंचायतीला धोक्याप्रमाणे लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड देतो. या कार्डाचे मोल मोठे आहे. शिशीतून आजचे पाणी कळते. पाहणीतून पहिला पाऊस पडल्यावर काय होईल ते कळते. फुटक्या ओट्याची विहीर मे महिन्यात स्वच्छ निघेल, आणि मृगाच्या पहिल्या सरीनंतर तीच विहीर सगळ्या वस्तीला जुलाब लावील.

नमुना घेण्याची शिस्त

परीक्षा कितीही चांगली असली तरी नमुना घेणाऱ्या हाताचे जंतू शिशीत गेले तर सगळे वाया जाते. हात साबणाने धुवावेत. नळाचे तोंड पुसून, धातूचे असेल तर ज्योतीने तापवून घ्यावे. एक-दोन मिनिटे पाणी वाहू द्यावे. झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावू नये आणि झाकण खाली ठेवू नये. शिशीवर जागा, तारीख आणि वेळ तिथल्या तिथे लिहावी. नमुना प्रयोगशाळेत जाणार असेल तर तो बर्फाच्या पेटीत ठेवून शक्यतो त्याच दिवशी, फार तर २४ तासांत पोहोचवावा. काळ्या पडलेल्या शिशीत वाढलेल्या जंतूंची संख्या प्रचंड असते. तिच्यात ब्लीचिंगचे दाट द्रावण ओतून अर्धा तास ठेवल्यावरच ती रिकामी करावी, आणि हे काम मुलांवर सोपवू नये.

दिल्लीचा धडा

जिवाणूंच्या परीक्षेतून काय कळत नाही, हे दिल्लीने १९५५-५६ च्या हिवाळ्यात फार मोठी किंमत देऊन शिकवले. नोव्हेंबरमध्ये नजफगड नाल्याचे सांडपाणी यमुनेत उलटे सरकून वझिराबादला पाणी उचलतात तिथवर पोहोचले. शुद्धीकरण केंद्रात क्लोरीन वाढवण्यात आला. विषमज्वर आणि हगवण आटोक्यात राहिली, पण डिसेंबर-जानेवारीत सुमारे २९,३०० लोकांना कावीळ झाली. पुढे १९८० मध्ये त्या साथीतल्या जपून ठेवलेल्या रक्तनमुन्यांची तपासणी झाली. तिच्यात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या संशोधकांचा वाटा होता. तेव्हा माहीत असलेल्या काविळीच्या विषाणूंपैकी कोणताही त्या साथीमागे नव्हता, असे दिसून आले. आज आपण त्या रोगाला हिपॅटायटिस ई म्हणतो.

विषाणू आणि काही परजीवींच्या पुट्या क्लोरीनला जिवाणूंपेक्षा अधिक चिवटपणे तोंड देतात. ई. कोलाय मेला म्हणून तेही मेले असे समजता येत नाही. तेव्हा सांडपाणी मिसळल्याचे कळले, की नंतरचा स्वच्छ अहवाल हाती असला तरी काही दिवस पाणी उकळूनच प्यावे. खळखळून एक मिनिट उकळी आली की जिवाणू, विषाणू आणि परजीवी तिन्ही मरतात.

चार शिश्यांचा तपास

स्वस्त परीक्षेची खरी ताकद इथे दिसते. जिल्ह्याच्या प्रयोगशाळेचा अहवाल येतो तेव्हा त्यावर ‘पिण्यास अयोग्य’ असा शिक्का असतो. बिघाड कुठे झाला हे त्यातून कळत नाही. गावाने त्याऐवजी एकाच सकाळी चार ठिकाणचे पाणी घ्यावे: विहिरीतले, उंच टाकीतले, शेवटच्या घराच्या नळाचे आणि त्याच घरातल्या माठातले.

चारही शिश्या काळ्या पडल्या, तर विहीर दुरुस्त करायची आणि टीसीएल नीट टाकायची. विहीर स्वच्छ आणि टाकीपासून पुढे काळे, तर टाकी धुवायची आणि झाकण बसवायचे. टाकी स्वच्छ आणि नळ काळा, तर गळती शोधायची. पाणी दिवसातून तासभरच सोडले जाते तिथे हे वरचेवर घडते. पुरवठा बंद असताना नळातला दाब जातो आणि फटींतून बाहेरचे सांडपाणी आत ओढले जाते. कर्नाटकातल्या हुबळी-धारवाडमध्ये अधूनमधून आणि चोवीस तास पाणी मिळणाऱ्या वस्त्यांची तुलना झाली, तेव्हा अधूनमधून येणारे पाणी कितीतरी अधिक वेळा दूषित निघाले. नळ सुरू झाल्यावर पहिले काही मिनिटांचे पाणी पिण्यासाठी भरू नये, हे त्यातून शिकण्यासारखे.

आणि नळ स्वच्छ पण माठ काळा निघाला, तर दोष घरातला. माठात हात बुडवून घेतलेला तांब्या हे त्याचे नेहमीचे कारण. उपाय म्हणजे लांब दांड्याचे ओगराळे किंवा तोटीचा माठ, आणि झाकण. एरवी याच घरासाठी लाखोंची नवी योजना मंजूर झाली असती आणि जुलाब तसेच राहिले असते.

चार स्वस्त शिश्यांनी जे कळते ते एका महागड्या अहवालाने कळत नाही. एकदाच केलेली अचूक तपासणी त्या दिवसापुरती खरी असते. पाणी मात्र ऋतूप्रमाणे, पावसाप्रमाणे, एका फुटलेल्या नळाप्रमाणे रोज बदलते. त्याच्या मागे राहायचे तर तपासणीही पुन्हा पुन्हा करता यायला हवी, आणि ती पुन्हा पुन्हा होते ती स्वस्त असली तरच.

तपासणी कोणाची?

हे काम खेड्यांपुरतेच आहे असे शहरांनी समजू नये. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या परिसरात जीबीएस (गिलेन-बारे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकामागून एक सापडू लागले. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आढळला आणि संशयाची सुई पाण्याकडे वळली. सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीशेजारून ड्रेनेजची नळी गेलेली असणे आणि टँकरचे पाणी न तपासता त्या टाकीत ओतले जाणे, हे आपल्या शहरांत सर्रास चालते. ज्या सोसायटीत लिफ्टच्या देखभालीचा करार असतो, तिथे पाण्याच्या क्लोरीनची वहीही असायला हवी.

गाव असो वा सोसायटी, वेळापत्रक साधे ठेवावे. क्लोरीन रोज, शेवटच्या नळावर. शिश्या महिन्यातून एकदा, आणि पहिल्या पावसानंतर, नळ फुटल्यावर किंवा एका गल्लीत दोन-तीन घरी जुलाब सुरू झाल्यावर लगेच. पाहणी वर्षातून दोनदा. प्रयोगशाळेचा नमुना ठरल्या वेळी आणि शिशी काळी पडल्यावर. शिशी काळी पडल्याच्या दिवशी काय करायचे हे आधीच ठरवून ठेवावे: घरोघर पाणी उकळण्याचा निरोप, टीसीएलची तपासणी आणि चार ठिकाणचे नवे नमुने. असे ठरलेले नसेल तर निकाल वहीत पडून राहतो.

निकाल सर्वांना दिसावेत. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर किंवा सोसायटीच्या सूचनाफलकावर जागा, तारीख आणि निकाल लिहावा, चांगला असो वा वाईट. काळी शिशी लपवणाऱ्या सरपंचापेक्षा ती दाखवून दुरुस्ती करणारा सरपंच गावाचे अधिक भले करतो, आणि लोकांनीही त्याला दोष देण्याऐवजी साथ द्यावी. दूषित पाण्याने सर्वांत आधी जातात ती पाच वर्षांखालची मुले. त्यांच्यासाठी पाणी तपासायला आता थोडेच रुपये, थोडी ऊब आणि एका दिवसाचा धीर पुरतो. हे ज्ञान ग्वाल्हेरच्या एका प्रयोगशाळेतून चाळीस वर्षांपूर्वी बाहेर पडले आहे. ते आपल्या गल्लीतल्या शेवटच्या नळापर्यंत नेणे ही आता आपली जबाबदारी आहे.